साठीनंतरचे सतरा तास

२०१५च्या ऑक्टोबरमध्ये हवाई बेटांवरच्या कोना इथे मध्यरात्रीच्या सुमारास ८२ वर्षांचे एक जपानी गृहस्थ शर्यतीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर पोचले. समुद्रातलं पोहणं झालं होतं, सायकल झाली होती, मॅरेथॉनही संपतच आली होती. अंतिम रेषा समोर दिसत असताना पायांनी दगा दिला. ते पडले, उठले, पुन्हा तोल गेला. रेषा ओलांडली तेव्हा १७ तास आणि ५ सेकंद झाले होते. मर्यादा १७ तासांची, त्यामुळे हिरोमू इनादा यांची ती शर्यत पूर्ण धरली गेली नाही. पुढच्या वर्षी ते परत आले आणि वेळेत पोचले. २०१८मध्ये, वयाची पंच्याऐंशी वर्षं उलटल्यावर, त्यांनी पुन्हा तीच शर्यत १६ तास ५३ मिनिटांत संपवली. ‘आयर्नमॅन’ या ट्रायथलॉनची जागतिक स्पर्धा पूर्ण करणारा सर्वांत वयस्क माणूस म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद झाली.

त्या पाच सेकंदांबद्दल खूप लिहिलं गेलं, हळहळही पुष्कळ झाली. पण त्याआधीचे सतरा तास जास्त कुतूहलाचे आहेत. इनादा हे काही जन्मभराचे खेळाडू नव्हेत. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेत त्यांनी पत्रकार म्हणून नोकरी केली, साठाव्या वर्षी निवृत्त झाले, आजारी पत्नीची शुश्रूषा केली. पोहायला लागले ते निवृत्तीनंतर, आणि पहिली ट्रायथलॉन केली ती सत्तराव्या वर्षी. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे माणसाला नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जायचं काम दिलं जातं, त्या वयात त्यांनी सुरुवात केली.

ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल आणि धावणं एकामागून एक करायचं असतं, मध्ये घड्याळ थांबत नाही. छोट्या पल्ल्याच्या ट्रायथलॉन पुष्कळ आहेत. ‘आयर्नमॅन’ नावाने जी ओळखली जाते ती सर्वांत प्रसिद्ध लांब पल्ल्याची: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. हा प्रकार कुणा क्रीडातज्ज्ञाने आखलेला नाही. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी हे ओआहू बेटावर राहत होते. पोहणारे जास्त तंदुरुस्त की धावणारे, की सायकलवाले, असा वाद तिथल्या मंडळींत रंगला आणि कॉलिन्स यांनी तोडगा काढला, की बेटावर आधीपासून होणाऱ्या तिन्ही शर्यती एकाच दिवसात जोडून टाकायच्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलर यांना पावणेबारा तासांच्या वर लागले. दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉन डनबार यांच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्यांना बिअर पाजली, हा किस्सा अजून सांगितला जातो. १९८१मध्ये स्पर्धा हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाला गेली.

वयस्क हौशी खेळाडूच्या दृष्टीने या शर्यतीतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कट-ऑफ. बहुतेक ठिकाणी पोहणं २ तास २० मिनिटांत संपलं पाहिजे, सायकल सुरुवातीपासून साडेदहा तासांच्या आत ठेवली पाहिजे आणि सगळं मिळून सतरा तास. आता हिशेब मांडून बघू. पोहण्यात दर १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद मिळतात. तलावात नियमित पोहणाऱ्याला हा वेग सुस्त वाटेल. कपडे-बूट बदलण्यात पंधरा मिनिटं गेली असं धरलं, तर सायकलवर ताशी २२-२३ किलोमीटरची सरासरी ठेवावी लागते. पुणे-मुंबईहून जास्त अंतर, पण वेग म्हणाल तर कुणाही बऱ्या सायकलपटूच्या आवाक्यातला. आणि शेवटी मॅरेथॉनसाठी किलोमीटरला नऊ मिनिटं, म्हणजे भरभर चालणं आणि संथ धावणं यांच्या मधलं काहीतरी.

एकेकटे बघितले तर तिन्ही आकडे साठीच्या माणसालाही जमणारे आहेत. ते एकाच दिवसात, एकापाठोपाठ जमवायचे आहेत, आणि पहिल्या दोन टप्प्यांत वेळ वाचवण्याच्या नादात जरा जास्त जोर लावला तर तिसऱ्यात त्याची सव्याज वसुली होते. तरुण स्पर्धकाकडे चूक पचवायला तीन-चार तास शिल्लक असतात. सत्तरीतल्याकडे वीस मिनिटं असतात. पंक्चर झालेलं एक चाक, पोटात आलेला एक गोळा, नाहीतर शौचालयासमोरची रांग यांत ती संपतात. म्हणून म्हाताऱ्या खेळाडूची तयारी ही वेग वाढवण्यापेक्षा वेग कमी होऊ न देण्याची तयारी असते.

वयाबरोबर शरीरात नेमकं काय घटतं? सगळं सारख्या गतीने घटत नाही, आणि प्रशिक्षणाचं सगळं गणित या विषमतेवर उभं आहे. सर्वांत आधी हृदय. एका मिनिटात हृदय जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकतं, ही मर्यादा वयाबरोबर खाली येत जाते आणि व्यायामाने ती रोखता येत नाही. ‘२२० वजा वय’ हे जिममध्ये भिंतीवर टांगलेलं सूत्र ढोबळ आहे. २००१मध्ये हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, वयस्कांना जास्त लागू पडतं. ६५ वर्षांच्या माणसाला जुन्या सूत्राने १५५ ठोके मिळतात, नव्याने १६२. मनगटावरच्या घड्याळात जुनं सूत्र भरून ठेवलेला माणूस आपण जिवावर उदार होऊन पळतोय अशा समजुतीत आरामात पळत असू शकतो. उलटही घडतं. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, तेव्हा सूत्रावर विसंबण्यापेक्षा डॉक्टरांसमोर ताण-चाचणी करून स्वतःचा आकडा काढलेला बरा.

ठोके घटले की शरीराला मिळणारा प्राणवायूही घटतो. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, या मोजमापाला व्हीओ२ मॅक्स म्हणतात. बैठी कामं करणाऱ्यांत तिशीनंतर तो दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. जोरकस व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही घसरण बरीच मंद असते. पण ती उलटी फिरवता येते का?

याचं उत्तर देणारं सर्वांत गमतीदार उदाहरण फ्रान्सचं आहे. रोबेर मार्शां हे सायकलपटू १९११ साली जन्मले. शंभरी पार केल्यावर त्यांनी एका तासात किती सायकल चालवता येते याचा विक्रम केला: २०१२मध्ये २४.२५ किलोमीटर. मग व्हेरोनिक बिया या शरीरशास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला आल्या. त्यांनी आखून दिलेल्या दोन वर्षांच्या सरावात सुमारे ऐंशी टक्के सायकल आरामात आणि वीस टक्के दम लागेल अशी होती. वर्षाला सुमारे ५००० किलोमीटर. दोन वर्षांनी मार्शां यांचा व्हीओ२ मॅक्स ३१वरून ३५वर गेला, आणि १०२व्या वर्षी त्यांनी तासाला जवळजवळ २७ किलोमीटर काटले. हृदयाचे कमाल ठोके मात्र होते तेवढेच राहिले. वाढ झाली ती पायांच्या स्नायूंच्या ताकदीत आणि प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेत. एका माणसावरून नियम काढता येत नाही हे खरंच, पण ‘या वयात आता काय सुधारणा होणार’ असं म्हणणाऱ्याला गप्प बसवायला एक माणूस पुरतो.

दुसरी घट स्नायूंची. पन्नाशीनंतर, आणि साठीनंतर जास्त वेगाने, स्नायू कमी होतात. त्यातही झटक्यात जोर लावणारे तंतू आधी जातात. नुसतं लांब लांब धावून किंवा सायकल चालवून ते टिकत नाहीत, त्यांना वजन लागतं. आपल्याकडचे बरेच वयस्क धावपटू इथेच चुकतात. रविवारी तीस किलोमीटर पळतील, पण आठवड्यात दोनदा अर्धा तास वजन उचला म्हटलं की ‘ते पोरांचं काम’ म्हणतील. १९९०मध्ये मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षांच्या रहिवाशांना आठ आठवडे पायांसाठी वजनांचा कडक व्यायाम दिला. त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आपल्या तालमींत जोर-बैठका मारणाऱ्या वस्तादांना हे कळायला बॉस्टनची गरज नव्हती, पण आकडा हाती असला की घरच्यांना पटवणं सोपं जातं.

हाडांचं वेगळंच. पोहणं आणि सायकल, दोन्हींत शरीराचं वजन हाडांवर पडत नाही. त्यामुळे सांध्यांना ते सुखाचं, पण हाडं मजबूत व्हायला ज्या ठोशांची गरज असते ते मिळत नाहीत. पाळी बंद झालेल्या स्त्रियांत हाडांची घनता आधीच झपाट्याने घटत असते. त्यांच्यासाठी ट्रायथलॉनमधलं धावणं आणि जिममधली वजनं ऐच्छिक राहत नाहीत. अमेरिकेतल्या सिस्टर मॅडोना ब्युडर या कॅथलिक नन धावायला लागल्या ४८व्या वर्षी, एका धर्मगुरूच्या सांगण्यावरून. पहिली आयर्नमॅन पंचावन्नाव्या वर्षी. सायकलवरून पडून त्यांची हाडं कितीदा तरी मोडली. २०१२मध्ये कॅनडात, ८२व्या वर्षी, त्यांनी १६ तास ३२ मिनिटांत पूर्ण पल्ला गाठला. त्यांच्यासारख्या स्पर्धक नसल्यामुळे आयोजकांना स्त्रियांसाठी वरचे वयोगट नव्याने उघडावे लागले.

वयोगटांची ही व्यवस्था मोठी मजेशीर आहे. दर पाच वर्षांचा एक गट, आणि गट ठरतो तो त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या वयावरून. इतर सगळीकडे वय लपवणारी माणसं इथे ते वाढण्याची वाट बघतात, कारण ६४व्या वर्षी जो गटात सर्वांत म्हातारा असतो तोच ६५व्या वर्षी सर्वांत तरुण होतो. नोव्हेंबरात ऐंशी पूर्ण होणारा माणूस ऑक्टोबरच्या शर्यतीत ऐंशीच्या गटात धावतो.

आता तयारीकडे वळू. मराठी माणसाच्या संदर्भात पहिला अडसर असतो पाण्याचा. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीतले पुष्कळ जण पोहायला शिकले ते विहिरीत किंवा नदीत, कंबरेला पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधून. ही माणसं बुडत नाहीत, पाण्याला घाबरत नाहीत, वरून सूर मारतात. पण त्यांचं डोकं कायम पाण्याबाहेर असतं. डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि शरीर पाण्याला आडवं न कापता तिरकं ढकलत राहतं. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट दाट. त्यात तिरक्या शरीराने ३.८ किलोमीटर जायचं म्हणजे दंडांची ताकद फुकट घालवायची. अशा माणसाला नवशिक्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण चाळीस वर्षांची सवय आधी मोडावी लागते: तोंड पाण्यात, बुडबुडे सोडत श्वास बाहेर, मान वर न उचलता कुशीवर वळून श्वास आत. फ्रीस्टाइलमधली ही श्वासाची लय एकदा बसली, की पोहणं हा वयाला फारसा जड न जाणारा भाग वाटू लागतो. न्यू जर्सीच्या नॅटली ग्रॅबो पोहायला शिकल्या ५९व्या वर्षी. २०२५च्या ऑक्टोबरात, ८० वर्षांच्या असताना, त्यांनी कोनाची स्पर्धा पूर्ण केली. तिथवर पोचलेली ती सर्वांत वयस्क स्त्री.

तलावातलं पोहणं आणि समुद्रातलं पोहणं यांत मात्र फरक आहे. समुद्रात तळाला काळी रेघ नसते. दर आठ-दहा हातांनंतर डोळे वर काढून बोया कुठे आहे ते बघावं लागतं, नाहीतर माणूस सरळ जातोय असं समजून अर्धा किलोमीटर जास्तीचं पोहून येतो. शेजारच्याची लाथ चष्म्यावर बसते. खारं पाणी नाकातोंडात जातं. महाराष्ट्रातल्यांना यासाठी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर वर्षी भरणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेसारखी चांगली शाळा नाही. अनेक जण नाव नोंदवतात ते जिंकण्यासाठी नव्हे, गर्दीत आणि लाटांत पोहण्याची भीड चेपावी म्हणून.

सायकलच्या बाबतीत म्हाताऱ्यांना एक दिलासा आहे. फ्रान्सचे रोमुआल लेपेर यांनी ट्रायथलीटांच्या वयानुसार कामगिरीचा अभ्यास केला, त्यात पोहणं आणि धावणं यांच्या तुलनेत सायकलमधली घसरण कमी दिसली. कारणं उघड आहेत. वजन गादीवर असतं, पाय जमिनीवर आपटत नाहीत, दुखापत कमी होते म्हणून सराव जास्त करता येतो. त्यामुळे साठीचा शहाणा स्पर्धक आपल्या तासांतला मोठा वाटा सायकलला देतो. पुण्याहून पहाटे निघून खंबाटकी चढायचा, साताऱ्याच्या दिशेने जाऊन उन्हं वर यायच्या आत परतायचं, अशा रविवारच्या फेऱ्यांत पाठ आणि मान यांना वाकून बसण्याची सवय लागते. ताकदीपेक्षा मानच आधी कुरकुरते, हे पाच-सहा तास सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही.

आणि मग धावणं. इथे वय खरं बोलतं. पोटऱ्यांचा जोर घटतो, ढांगेची लांबी कमी होते, टाचेमागची अ‍ॅकिलिस शीर कडक होते आणि दुखावली तर महिनोन् महिने बरी होत नाही. धावण्याच्या सरावात आठवड्याला एकदम उडी मारणारे लोक शर्यतीच्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडे सापडतात. बरेच प्रशिक्षक वयस्कांना सुरुवातीपासूनच चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल असं सांगतात. थकल्यावर नाइलाजाने चालणं आणि आधीपासून ठरवून चालणं यांत शेवटच्या दहा किलोमीटरांत मोठा फरक पडतो. सायकलवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळायचा सराव, ज्याला ट्रायथलॉनवाले ‘ब्रिक’ म्हणतात, तो याच्यातच येतो. सायकलनंतर पहिली काही मिनिटं पाय आपले नाहीत असं वाटतं. ते तसंच वाटणार आहे, आणि थोड्या वेळाने जाणार आहे, हे शरीराला आधी माहीत असलेलं बरं.

आठवड्याला किती तास? पूर्ण पल्ल्यासाठी हौशी खेळाडू साधारण दहा ते पंधरा तास देतात. नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्याला ते झोपेतून काढावे लागतात. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर, आणि धोका त्यातच आहे. वेळ आहे म्हणून तो रोज सराव करतो, पण त्याच्या शरीराला त्याच सरावातून सावरायला आता जास्त दिवस लागतात. ‘फास्ट आफ्टर फिफ्टी’ या २०१५च्या पुस्तकात प्रशिक्षक जो फ्रील यांनी पन्नाशीपुढच्यांना सात दिवसांऐवजी नऊ दिवसांचा ‘आठवडा’ सुचवला. म्हणजे दर दोन कष्टाच्या दिवसांमध्ये एकाऐवजी दोन हलके दिवस बसतात. निवृत्तांना सोमवार-रविवार पाळायचं बंधन नसतं, तेव्हा हे त्यांनाच सर्वांत सोपं. तरी फार थोडे पाळतात, कारण ग्रुपची लांब राइड रविवारीच असते आणि ती चुकवणं जिवावर येतं.

जेवणाबद्दल दोन गोष्टी. वयस्क शरीर प्रथिनांना तरुणाइतका प्रतिसाद देत नाही, म्हणून त्याला एका वेळी जास्त लागतात: साठ किलो वजनाच्या माणसाला दर जेवणात साधारण २५ ग्रॅम. पोळी, भाजी, भात आणि वाटीभर वरण या ताटात तेवढी नसतात. अंडी, मासे, दही, पनीर, मोड आलेली कडधान्यं, यांचा वाटा मुद्दाम वाढवावा लागतो, आणि तिन्ही त्रिकाळ. शर्यतीच्या दिवशी प्रश्न वेगळा. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन सुमारे दोन हजार कॅलरींचं असतं, आणि सतरा तासांत लागतात त्याच्या चौपट किंवा अधिक. चरबी बराच भार उचलते, तरी ताशी ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जात राहावी लागतात. जेलच्या पुड्या आहेतच, पण मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, चिक्की, केळं यांवर लांब सायकल चालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सरावात जे खाल्लं नाही ते शर्यतीत खायचं नाही, एवढा एकच नियम.

पाण्याचा भाग जरा नाजूक आहे. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते आणि घामही उशिरा सुटतो. तहान लागेल तेव्हा पिऊ, हा तरुणाला चालणारा सल्ला सत्तरीत अपुरा पडतो. उलट भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, बेशुद्धही पडू शकतो. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून तासाला किती घाम जातो हे काढायचं आणि त्या अंदाजाने, मिठासकट, प्यायचं.

गोव्यात हे फार लागू पडतं. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ झाली. हा अर्धा पल्ला: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. त्याआधी आयर्नमॅनच्या नावाची शर्यत करायची तर परदेशी जावं लागे; मिलिंद सोमण यांनी २०१५मध्ये, पन्नाशीला काही महिने उरले असताना, पूर्ण आयर्नमॅन केली ती झुरिकला, १५ तास १९ मिनिटांत. (ते राष्ट्रीय दर्जाचे जलतरणपटू होते, हे त्यांचं उदाहरण देऊन स्वतःचं नाव नोंदवणाऱ्यांनी विसरू नये.) शर्यत रात्रीच्या प्रवासावर आल्यामुळे पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक इथले डॉक्टर, पोलिस, उद्योजक, गृहिणी मोठ्या संख्येने उतरू लागले. कोल्हापुरात तर आयर्नमॅन होऊन आलेल्याचा फ्लेक्स चौकात लागतो. ऑक्टोबरातला गोव्याचा दमट उकाडा मात्र झुरिकपेक्षा अवघड. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय तो शरीर थंड करत नाही. दहा-चौदा दिवस उन्हात सराव केला की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो. वयस्कांनाही हे जमतं, फक्त त्यांनी ते हळूहळू करायचं.

आता ज्याबद्दल फ्लेक्सवर काही लिहिलेलं नसतं ते. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमध्ये अचानक मृत्यू, हृदय बंद पडणं आणि अपघाती मृत्यू यांच्या १३५ घटनांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९० घटना पोहताना घडल्या होत्या. एकूण प्रमाण एक लाख स्पर्धकांत दोनाहूनही कमी, पण साठीपुढच्या पुरुषांत ते लाखात १८.६ होतं. पोहतानाच का? सुरुवातीची धास्ती, गर्दी, गार पाणी, आडवं शरीर, आणि त्रास झाला तर थांबायला जागा नाही. स्वीडनमधल्या व्हासालोप्पेत या ९० किलोमीटरच्या स्कीइंग शर्यतीतल्या पन्नास हजारांवर स्पर्धकांच्या अभ्यासात असंही आढळलं, की ज्यांनी जास्त वेळा भाग घेतला आणि जे जास्त वेगवान होते त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं. याचा अर्थ व्यायाम सोडावा असा नाही. पण ‘मी रोज पळतो, मला काय होणार’ हे वाक्य डॉक्टरांच्या खोलीत बोलू नये.

ईसीजी, ताण-चाचणी, गरज वाटली तर इको, आणि चालू गोळ्यांची यादी: पन्नाशीपुढच्या कुणीही नाव नोंदवण्याआधी हे करावं. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके वाढू देत नाहीत, तेव्हा मनगटावरचं घड्याळ निरर्थक ठरतं. काही गोळ्या लघवी वाढवतात, आणि उन्हात त्या महागात पडतात. गुडघा दुखतो म्हणून शर्यतीच्या मध्येच वेदनाशामक गोळी घेणं हा सर्वांत सर्रास चालणारा अविचार. शरीरात पाणी कमी असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. छातीत जडपणा, पोहताना खोकल्यातून फेस किंवा रक्त, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काही झालं तर बचाव नौकेकडे हात वर करायचा. होडीला किंवा कयाकला धरून श्वास घेतला म्हणून कुणी बाद करत नाही. धरून पुढे सरकलं तरच नियम मोडतो. हे अनेक स्पर्धकांना ठाऊकच नसतं.

शेवटचे दोन-तीन आठवडे सराव निम्म्यावर आणायचा असतो. अंतर कमी, पण अधूनमधून थोडा जोर तसाच. जखमी तंतू भरून येतात, ग्लायकोजेन साठतं, वजन किलो-दीड किलोने वाढतं. वर्षभर पहाटे चारला उठलेल्या माणसाला हे वजन बघून धडकी भरते. तो लपून एक लांब धाव टाकून येतो, पोटरी धरते आणि वर्षभराच्या तयारीचं काय करायचं हा प्रश्न पडतो. या पंधरवड्यात त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम घरच्यांचं. बूट लपवून ठेवले तरी हरकत नाही. त्याला कामच हवं असेल तर पंक्चर काढायला बसवावं: मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, हवा भरून परत बसवायला त्याला किती मिनिटं लागतात ते मोजावं, आणि ती दहाच्या खाली येईपर्यंत पुन्हा करायला लावावं.